तिसरा हौद

शिवकांताचा नेम साधा होता. पहाटे उठायचं, आंघोळ करायची आणि पाण्याचा थेंबही तोंडात न घेता गावच्या देवळात जायचं. एकाच मंडपात महादेवाचा आणि देवीचा असे दोन गाभारे. दोन्ही झाडायचे, आदल्या दिवशीचं निर्माल्य उतरवून घ्यायचं, महादेवाला बेलाची पाच पानं वाहायची आणि मग घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायचं.

हा नेम तिनं धरला तेव्हा तिचा नवरा रामलिंग लातूरच्या दवाखान्यात होता. मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. 'त्याला उठवून घरी आण, जन्मभर तुझं अंगण झाडीन,' असं ती दवाखान्याच्या पायरीवर बसून देवाला बोलली होती. रामलिंग घरी आला तो आडवा. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी शिवकांता झाडू घेऊन देवळात हजर झाली. गाव म्हणालं, बाईची श्रद्धा मोठी. खरं तर तिला काहीच वाटलं नव्हतं. देवानं त्याचा शब्द पाळला नाही, तर आपण आपला मोडावा, एवढा राग तरी माणसाला यायला हवा. तो आला नाही. तीन वर्षं झाली, अजून आलेला नाही. जेवण जेवल्यासारखं, झोप झोपल्यासारखी. पायावर पाय टाकून फार वेळ बसलं की पाय जसा आपला राहत नाही, तशी ती अख्खीच झाली होती.

त्याच तीन वर्षांत तिच्या एकरभर रानाचा मात्र पालट झाला होता. औशाच्या या पट्ट्यातली माती मुळातली काळी, कसदार. पण वर्षामागून वर्ष सोयाबीन, त्यावर पोत्यांनी खत आणि दर पंधरा दिवसाला फवारा, असं करून करून तिचं पार दगड झालेलं. नांगरलं की पाट्यासारखी ढेकळं निघायची. गावातल्या अकरा बायकांनी मिळून गट केला. प्रत्येकीनं घरच्यांशी भांडून, समजावून, कुणी रडून एकेक एकर मागून घेतलं आणि त्यात विकतच्या खताचा दाणाही घालायचा नाही असं ठरवलं. गटाची अध्यक्षा साखराबाई. बोलायला तिखट, पण कामाला वाघ. वही तिची सून दीपमाला सांभाळायची. ती बारावी शिकलेली होती. शिवकांताचं नावही दीपमालानंच घातलं. "काकू, नुसतं बसून काय करताव? हात तरी चालू द्या." हात चालू राहिले. तिसऱ्या वर्षी एकदा पेरणीआधी शिवकांता रानात उभी राहिली तर पाऊल घोट्यापर्यंत मातीत रुतलं. बाकीच्या जणी पाहायला आल्या, माती मुठीत धरून हुंगली, हसल्या. शिवकांता नुसती उभी होती.

गटाची शेड ओढ्याच्या काठाला होती. पत्र्याखाली विटांचे चार हौद, त्यात गांडूळखत. पाळीपाळीनं एकेकीनं शेण, पाला, भुसकट आणून टाकायचं. नियम एकच, आणि तो दीपमालानं भिंतीवर खडूनं लिहून ठेवला होता : फवारलेलं काही आणायचं नाही. हौद भरून तयार झाला की तो नंबरानं एकीच्या रानात जायचा. नंबर साखराबाईनं लावले होते. पार्वतीबाईचा नंबर अगदी शेवटचा होता. तो शेवटचाच कसा आला, हे अकरा जणींपैकी कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ते ठाऊक होतं.

पार्वतीबाई बौद्धवाड्यातली. सासऱ्याला गायरानात मिळालेलं दीड एकर, तेही माळाच्या कडेला. वीतभर मातीखाली मुरूम. तीन वर्षं तिनं दुसऱ्यांच्या रानासाठी डोक्यावरून शेण वाहिलं होतं, खाडा न करता. या दिवाळीआधी तिसरा हौद तिचा होता. हरभरा पेरायला आठ-दहा दिवस उरले होते.

आणि दसरा होऊन सहाव्या दिवशी सकाळी दीपमाला धावत देवळाच्या पायरीशी आली. शिवकांता मंडप झाडत होती.

"काकू, झाडू ठेवा. शेडवर चला. गांडुळं मरायलेत!"

शेडीत तीन-चार बायका आधीच जमल्या होत्या. तिसऱ्या हौदाच्या विटांवरून गांडुळं बाहेर येत होती. शेकड्यांनी. जी आली होती ती खालच्या फरशीवर वाळून सुतळीच्या तुकड्यांसारखी पडली होती. उरलेली काठावर वळवळत, एकमेकांत गुंतून, कुठं जावं ते न कळल्यासारखी. त्यांना मागं हौदात लोटलं तर पुन्हा वर चढत होती. दीपमालानं वरचं भुसकट बाजूला सारलं, आतलं मूठभर उचललं आणि म्हणाली, "हे लाल काय हाय?"

खतात खरंच लालसर झाक होती. ओलसर, इथं-तिथं.

साखराबाईनं बोट लावून पाहिलं. "लाल काय आसणार? बीजाचं औषध. हरभऱ्याच्या बीजाला चोळत्यात ते. लालभडक आसतंय." मग तिनं मान वळवली. "गेल्या आठवड्यात पाळी कुणाची व्हती?"

वही पाहायची गरज नव्हती. पाळी दोघींची होती. शिवकांताची आणि पार्वतीबाईची.

पार्वतीबाई नेमकी तेव्हाच शेणाची पाटी घेऊन शेडीत शिरत होती. गेले दोन दिवस ती गावातल्याच बालाजी नावाच्या शेतकऱ्याच्या मळ्यात रोजानं होती. तिथं हरभऱ्याच्या बीजाला औषध चोळायचं काम होतं. पाटी उतरवायला तिनं हात वर केले, आणि तिच्या बोटांच्या पेरांत, नखांच्या कडेला ते लाल सगळ्यांनी पाहिलं.

पार्वतीबाईनं पाटी खाली ठेवली, हौदाकडं पाहिलं, फरशीकडं पाहिलं आणि मग आपल्या हातांकडं पाहिलं.

"न्हाई," ती म्हणाली. "हे तसं न्हाई."

"तुझ्याच नंबराचा हौद व्हता गं पार्वते," साखराबाई म्हणाली. "सोताच्या ताटात माती कालवलीस, त्याला आमी काय करावं?"

"हात धुतल्याबिगर मी शेडीत पाय ठेवला न्हाई. आन् भुसकट माझ्या घरचं हाय, मळ्यातलं न्हाई."

"ते उद्या बघू. बैठकीत."

शिवकांता त्या लाल खताकडं पाहत होती. ते काय आहे हे तिला पाहताक्षणी कळलं होतं. बोलायला हवं हेही कळलं. पण ती तोंड उघडेपर्यंत बायका पांगल्या होत्या. दीपमाला उरलेली जिवंत गांडुळं घमेल्यात वेचत होती. शिवकांताही तिच्या शेजारी बसली आणि वेचू लागली. हाताला गांडूळ लागतंय की सुतळी, हे तिला नीट कळत नव्हतं.

झालं होतं ते असं. दर नवरात्रात देवीला गावच्याच झेंडूचे हार असत. परसातली, बांधावरची फुलं. यंदा मंडळाच्या पोरांनी हौसेनं बाहेरून टेम्पो भरून हार मागवले. नऊ दिवस देवी फुलांत बुडाली. कुंकूही पाकिटांनी आलं, भडक. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाभाऱ्यातले हार उतरवायला शिवकांता गेली तर निर्माल्य चार पाट्या भरलं. रोजचा पाच पानांचा बेल ती घरामागच्या आपल्या छोट्या हौदात टाकायची. पण हे एवढं कुठं न्यायचं? मागच्या साली ओढ्यात सोडलेले हार प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंतून काठाला कुजले होते आणि जनावरं त्यावरून चालत गेली होती. देवाच्या अंगावरचं जनावरांच्या पायाखाली. ते तिनं पाहिलं होतं.

म्हणून ती मंडपात बसली आणि एकेका हाराचा दोरा ओढून फुलं मोकळी केली. अख्खी दुपार गेली. फुलांना वास येत होता, झेंडूचा नव्हे, दुसराच, डोक्यात जाणारा. तिला वाटलं, कापराचा असेल. मग पाट्या भरून ती शेडीवर गेली, तिसऱ्या हौदात फुलं पसरली, त्यावर देवीपुढचं सांडलेलं कुंकूही टाकलं आणि वर भुसकटाचा थर दिला. देवाचं देणं मातीत जाईल, मातीतून दाण्यात येईल. हात झटकून घरी येताना तिला काहीतरी वाटल्यासारखं झालं होतं. तीन वर्षांत स्वतःच्या मनानं केलेली तिची ती पहिली गोष्ट होती.

गटाचं गांडूळखताचं प्रशिक्षण लातूरला झालं होतं, तिथल्या बाईंना दुपारी दीपमालानं फोन लावला. त्यांनी सांगितलं, फवारलेलं काहीतरी हौदात गेलं आहे. ते खत यंदा कुणाच्या रानात घालू नका. दीपमालानं ते दारोदार जाऊन सांगितलं. शिवकांताच्याही दारात आली.

"पार्वतामावशीचं लई वाईट झालं, काकू. आत्याबाई म्हणायल्यात, नावच काढून टाकायचं गटातून."

"हं," शिवकांता म्हणाली.

"तुमाला काय वाटतंय?"

शिवकांतानं निवडत असलेल्या तुरीच्या डाळीतला खडा काढून बाजूला टाकला. दीपमाला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे देवळात झाडून झाल्यावर शिवकांतानं देवीपुढच्या कोयरीतलं चिमूटभर कुंकू तळहातावर घेतलं आणि पाण्याचा थेंब टाकून चोळलं. मग रांजणाशी जाऊन हात धुतला. पुन्हा धुतला. मातीनं घासला. पेरांत आणि नखांच्या कडेला लाल तसंच राहिलं. तिच्या आईच्या वेळी घरी हळदीचं कुंकू करायचे. ते हाताला असं चिकटून बसत नसे. शिवकांता तो हात घेऊन गाभाऱ्यासमोर उभी राहिली. देवीकडं तिनं काही मागितलं नाही. मागायचं सोडून तिला तीन वर्षं झाली होती. पाच पानं महादेवाला वाहिली, घरी आली आणि पाणी प्यायली.

बैठक शेडीतच भरली, चार वाजता. तिसऱ्या हौदाचं खत बाहेर काढून ताडपत्रीवर टाकलं होतं. सगळ्या जणी त्यापासून जरा लांब बसल्या होत्या, जसं काही ते उठून चावणार होतं. पार्वतीबाई सगळ्यात कडेला, उभीच.

"बस की गं," साखराबाई म्हणाली.

"उभीच बरी हाव मी. बसायला सांगून उठवायचंच हाय ना तुमाला?"

एक-दोघी तोंडाला पदर लावून हसल्या आणि लगेच गप्प झाल्या.

"हे बघ," साखराबाईनं सुरुवात केली, "कुणाचं वाईट करावं म्हणून न्हाई. पण तीन वर्षं अकरा घरच्या बायका हैराण झाल्या. लोकं हसली, नवरे बोलले. आन् आता कुठं मातीला बरकत यायली, तर एकीच्या चुकीनं सगळ्याचा घात नगं. आज हौद गेला, उद्या रान जाईल."

"चूक माझी न्हाई."

"मग हाताला मेंदी लावलीस व्हय?"

"औषध चोळलं मी, खोटं कशाला बोलू? रोजानं जावंच लागतंय मला, माझ्या घरी काय टाकसाळ न्हाई. पण साबणानं हात धुतले, मग शेणाला लावले. तुमी बघाया या, मोरीत अजून लाल पाणी हाय."

"हातानं न्हाई तर पदरानं आलं आसंल. भुसकटातून आलं आसंल. आता आलंय ते आलंय की! ते काय ताडपत्रीवर पडलंय, लालभडक."

"ते लाल कुकू हाय," शिवकांता म्हणाली.

ती इतक्या हळू बोलली की पहिल्यांदा कुणालाच ऐकू गेलं नाही. दीपमालानं विचारलं, "काय म्हणल्या काकू?"

"ते लाल हाय ते कुकू हाय. देवीचं. निर्माल्य म्या टाकलं हौदात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. चार पाट्या."

शेडीच्या पत्र्यावर कावळा चालत होता. त्याच्या नखांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"कुकू?" साखराबाईनं विचारलं. "हौदात?"

शिवकांतानं उजवा हात पुढं केला. पेरांत, नखांच्या कडेला लाल होतं. पार्वतीबाईच्या हाताला होतं तसंच, अगदी त्याच जागी.

"सकाळी चोळून बघितलं. निघत न्हाई."

"आन् दोन दिवस मिठाची गुळणी धरून बसलीस?"

भीती वाटली म्हणावं तर भीतीही वाटली नव्हती.

साखराबाईनं मान हलवली. "न्हाई, हे मला पटत न्हाई. देवीच्या अंगावरच्या फुलानं कुठं जीव मरत आसतो? उद्या म्हणशील अंगाऱ्यानं ताप आला."

"आत्याबाई, टेम्पोतली फुलं व्हती ती," दीपमाला म्हणाली. "झेंडूला तोडायच्या आदल्या दिवशीसुदा फवारा मारत्यात. देवीनं काय केलंय त्यात? देवीलाच नऊ दिवस औषध चढवलं आपण."

"तू गप. तुला कुणी इचारलं?" पण साखराबाईचा आवाज आधीसारखा चढला नाही. ती ताडपत्रीकडं पाहत होती, आणि पाहता पाहता तिच्या कपाळावर आणखी एक आठी पडली. "थांब. हौद हिच्या नंबराचा. मंजी देवीचं निर्माल्य तू हिच्या..."

तिथं ती अडखळली.

"बोला की," पार्वतीबाई म्हणाली. "थांबलाव कशाला? हिच्या रानात. हिच्या वाड्यात. बोला, आमाला सवय हाय."

पार्वतीबाई आता शिवकांताकडं वळली. शिवकांताला वाटलं होतं, ती रडेल, नाहीतर हात धरेल. तिचा चेहरा मात्र घट्ट होता.

"आन् तुमी, अक्का. माझ्या रानात देवीची फुलं जायची व्हती, मला इचारलं व्हतं? माझ्या सासऱ्यानं घरचे देव टोपलीत भरून ह्याच ओढ्यात सोडले. दीक्षा घेतली तवा. तुमी तेच टोपलीत भरून माझ्या मातीत घालायलाव. चोरून."

"चोरून न्हाई..."

"मग?"

हा विचार शिवकांताच्या मनाला कधी शिवलाच नव्हता. फुलं देवाची म्हणजे ती कुठंही गेली तरी चांगलंच करणार, एवढंच तिला ठाऊक होतं. ज्याच्या रानात जायची त्याला ती नको असतील, असं असू शकतं, हे ती पन्नास वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती.

"चुकलं," ती म्हणाली.

"फुलाचं चुकलं का दोन दिवसाचं?"

"दोन्ही."

पार्वतीबाईनं रिकामी पाटी उचलली. "नाव ठेवायचं का काढायचं ते तुमी ठरवा," ती साखराबाईला म्हणाली. "मला पेरायचंय. आठ दिवस ऱ्हायलेत. खत तर गेलं." आणि ती गेली.

नाव राहिलं. काढायला कारण उरलं नव्हतं, म्हणून राहिलं. कुणी तिची माफी मागितली नाही. साखराबाई एवढंच म्हणाली, "तोंडाला येईल ते बोलून गेली पार्वती." आणि भिंतीवरच्या नियमाखाली दीपमालाला आणखी एक ओळ लिहायला लावली : देवाचं काही आणायचं नाही. दीपमालानं लिहिताना 'देवाचं'च्या जागी 'विकतच्या फुलांचं' असं लिहिलं. सासूला वाचता येत नव्हतं.

शिवकांताच्या घरामागं तिचा स्वतःचा हौद होता. म्हशीचं शेण, तुरीचा पाला, घरचं खरकटं. तिच्या एकरासाठी ते खत तयार होऊन पडलं होतं, चहाच्या पुडीसारखं काळं, मोकळं आणि गांडुळांनी भरलेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली, आंघोळ केली, देवळाचा झाडू हातात घेतला आणि पुन्हा कोपऱ्यात ठेवला. माळावर ऊन लवकर चढतं. ऊन चढलं की उघड्यावरची गांडुळं मरतात. महादेवाला थांबता येतं, त्यांना येत नाही.

तिनं पाटी भरली, वर ओलं पोतं टाकलं आणि ओढा ओलांडून माळाकडं निघाली. पहिली पाटी बांधाशी ओतली तेव्हा नुकतं उजाडत होतं. तिसरी घेऊन आली तेव्हा पार्वतीबाई कमरेवर हात ठेवून त्या ढिगाजवळ उभी होती.

"हे काय?"

"खत. माझ्या घरचं."

"तुमच्या रानाला काय घालणार?"

"माझं रान दोन हौद खाऊन बसलंय. यंदा ऱ्हाईल उपाशी."

पार्वतीबाई उकिडवी बसली. मूठभर खत घेतलं, हुंगलं, बोटांनी पसरलं. एक गांडूळ तिच्या करंगळीवरून उतरून पुन्हा खतात गेलं. "काय काय घातलंय ह्यात? खरं सांगा."

"शेण. तुरीचा पाला. खरकटं."

"फुलं?"

"न्हाईत."

"कुकू, हळद?"

"न्हाई." शिवकांता थांबली. खोटं बोलणं सोपं होतं. "बेल हाय. महादेवाचा. रोजची पाच पानं."

पार्वतीबाई तिच्याकडं बघतच राहिली. मग तिला हसू आलं, पण ते हसू काही गोड नव्हतं. "देव काय पिच्छा सोडत न्हाई बाई माझा."

"झाडाचंच पान हाय," शिवकांता म्हणाली. "पण तुला नगं आसंल तर..."

"नगं."

"मग यचते."

"एवढ्यातून?"

शिवकांता बसली. पोतं अंथरून त्यावर खत थोडं थोडं घेतलं आणि बेलाची पानं वेचू लागली. जुनी पानं कुजून केव्हाच खत झाली होती. ती आता कुणाचीच नव्हती. अलीकडची तेवढी उरली होती, काही तर नुसत्या जाळीसारखी, पण तीन दलं ओळखू येत होती. पान सापडलं की ती पदरात टाकायची. वेचून झालेलं खत पार्वतीबाई पाटीत भरू लागली, सरीत पसरू लागली आणि त्यावर लगेच माती ओढू लागली. एक पान पार्वतीबाईलाच सापडलं. तिनं ते देठाला धरून शिवकांतापुढं केलं. "हे घ्या तुमचं."

ऊन वर आलं. सातव्या पाटीनंतर शिवकांताच्या ओठांवर पांढरी साय धरली होती. पार्वतीबाईनं बाभळीखालच्या घागरीतून तांब्या भरला आणि तिच्यासमोर आणला.

"पाणी प्या."

"नगं," शिवकांताच्या तोंडून गेलं. "अजून देवाला जायचंय."

तांब्या तसाच हवेत राहिला. पार्वतीबाईच्या तोंडावरचं सगळं एकदम मिटलं. "हाव," ती म्हणाली. "म्हाईत हाय." तिनं तांब्या मागं घेतला, त्यातलं पाणी स्वतःच्या पायावर ओतलं आणि पाठ फिरवून सरीत वाकली.

शिवकांता तिथं उभी होती. माझा नेम आहे, तीन वर्षांचा आहे, माझ्या सख्ख्या बहिणीच्या हातचंही मी पहाटे पीत नाही, हे सगळं सांगता आलं असतं. पण या माळावर असलं काही ना काही कारण याआधीही लोकांनी सांगितलं असेलच. एखादं खरंही असेल. पार्वतीबाईला त्यात काय फरक पडणार होता? पदरातली पानं तिनं गाठीत बांधली आणि ती निघाली.

देवळात पोचली तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. तिनं दोन्ही गाभारे झाडले. आदल्या दिवशीची पाच पानं उतरवली, नवी पाच वाहिली. पदरातली कुजकी पानं सोडली आणि उतरवलेल्या पाचांबरोबर मंडपामागच्या बेलाच्या बुंध्याशी हातानं खड्डा करून पुरली. ज्याची त्याला. मग रिवाजाप्रमाणे घरी जायचं होतं. घर देवळापासून चाळीस पावलांवर. माठ भरलेला होता.

ती पुन्हा ओढा ओलांडून माळावर गेली.

पार्वतीबाई सरीत गुडघ्यावर बसून माती लोटत होती. सावली पडली तशी तिनं वर पाहिलं.

"आता काय ऱ्हायलं?"

"पाणी दे," शिवकांता म्हणाली.

"घरी न्हाई का पाणी?"

"हाय."

पार्वतीबाईनं तिच्याकडं, तिच्या वाळलेल्या ओठांकडं आणि मग ओढ्यापलीकडच्या देवळाच्या कळसाकडं पाहिलं. शिवकांता तशीच उन्हात उभी राहिली.

"माझे हात भरलेत," पार्वतीबाई म्हणाली. "घ्या तुमचं तुमी. घागर तिथं हाय."

शिवकांता बाभळीखाली गेली. फडकं काढलं, तांब्या बुडवला, उभ्यानंच तोंडाला लावला. पाणी गार होतं. घशातून उतरताना ते कुठवर गेलं ते तिला कळत होतं. छातीपर्यंत, मग आणखी खाली. ती दुसरा तांब्याही प्यायली.

"फडकं नीट झाका," मागून पार्वतीबाई म्हणाली. "मुंग्या जात्यात."

तिनं फडकं नीट झाकलं.

"अर्धं रान ऱ्हायलंय अजून," पार्वतीबाई म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही. हात मातीत चालूच होते. "उद्या येणार का?"

"येते. ऊन व्हायच्या आत."

"आन् बेल घरीच यचून आणा."